घराला ऐकणाऱ्या बहिणी

या कादंबऱ्यांत घर कधीच मुली निवडत नाहीत. वडिलांची नोकरी जाते, आई वारते, आईवडील वेगळे होतात, नाहीतर कुणी दूरची आजी मरताना एक जुनं घर मागे ठेवते. मग सामान गाडीत भरलं जातं आणि दोन बहिणी मागच्या सीटवर बसून, आपल्याला न विचारता ठरलेल्या त्या घराकडे निघतात. पहिल्याच रात्री धाकटीला काहीतरी ऐकू येतं. थोरली म्हणते, झोप. तिथून पुढे तीनशे पानं.

माझी भाची पंधरा वर्षांची आहे आणि सध्या असलीच पुस्तकं वाचते. तिच्या वयाच्या मुलींसाठी इंग्रजीत अशा कादंबऱ्यांचं मोठं दालनच आहे: झपाटलेलं घर, दोन किंवा तीन बहिणी, आणि त्या घरात आधी राहून गेलेली एखादी मुलगी. तिची वाचून झाली की ती माझ्याकडे येतात. मीही रात्री उशिरापर्यंत वाचते. भूत बदलतं, गाव बदलतं, कधी समुद्रकाठचा बंगला असतो तर कधी जंगलाच्या कडेचं लाकडी घर. पण प्रत्येक चांगल्या पुस्तकात मला एकच प्रश्न धडधडताना दिसतो. भूत आहे की नाही, हा तो प्रश्न नव्हे. धाकटी जे सांगते आहे त्यावर तिची बहीण विश्वास ठेवील का, हा तो प्रश्न. आईवडील ठेवणार नाहीत हे दोघींना ठाऊक असतं. शाळेतली समुपदेशक मान डोलावून वहीत काहीतरी लिहील. उरते ती शेजारच्या पलंगावरची बहीण.

मी धाकटी आहे, म्हणून हे मला जरा जास्त लागतं.

आमचं घर नागपुरातल्या महाल भागात होतं. मातीच्या जाड भिंती, सागवानी तुळया, वर कवेलू, पुढे ओसरी, मागे अंगणात विहीर. खालच्या चार खोल्यांत आम्ही सगळे राहायचो. वर माडी होती आणि माडीवर एक खोली, जिला कायम कडी असायची. मे महिन्यात नागपुरात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. दिवसभर वाळ्याच्या पडद्याच्या कुलरसमोर सगळं घर पडून असायचं आणि रात्री वीज गेली की कुलर बंद व्हायचा. कुलरची घरघर थांबल्यावरच घराचे बाकीचे आवाज ऐकू यायचे. टक्. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा टक्, टक्, जरा पुढे सरकून, कुणीतरी अनवाणी टाचा टेकत चालल्यासारखं.

"ताई, वर कोणीतरी चालून राहिलं."

अंधारात ताई उठून बसली. "किती वेळापासून?" तिनं विचारलं.

त्या प्रश्नाचं मोल मला आता, इतकी पुस्तकं वाचल्यावर, नीट कळतं. ती "झोप" म्हणाली नाही. "काही नाही बापा, उंदीर असन," असंही नाही. तिनं विचारलं, किती वेळापासून. मग विचारलं, एकाच जागेहून येते का सरकते. मग आम्ही दोघी श्वास धरून ऐकत राहिलो. पुढचे कितीतरी दिवस ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करत होती. ज्या दिवशी ऊन कडक, त्या रात्री आवाज जास्त. पाऊस लागला तसे आवाज कमी झाले, दिवाळीच्या थंडीत जवळजवळ बंद. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना तिनं विचारलं तेव्हा उलगडा झाला: दिवसभर तापून फुगलेलं लाकूड आणि छपराच्या कडेचे पत्रे रात्री निवताना आकसतात, आणि जिथे खिळा किंवा सांधा त्यांना धरून ठेवतो तिथे ताण एकदम सुटतो. तोच टक्. निवण्याची सुरुवात एका कडेनं होते, म्हणून आवाज चालत गेल्यासारखा वाटतो.

आवाजाचा हिशेब लागला. कडी घातलेल्या खोलीचा लागला नाही. तिथे आजोबांची बहीण राहायची, लग्नानंतर थोड्याच दिवसांत परत आलेली. घरात कुणी तिचं नाव घेत नसे. "माडीवरची आत्या" एवढंच. ती गेली तेव्हा माझे वडीलही लहान होते. तिची एक पत्र्याची पेटी तेवढी त्या खोलीत होती आणि तिला हात लावायचा नाही असं आजीनं बजावलं होतं. लाकूड आकसतं हे कळल्यावरही रात्री माडीच्या जिन्याकडे पाहायची माझी हिंमत होत नसे. मला वाटतं माझ्या भीतीला तेव्हा कारण सापडलं होतं आणि तिचा विषय सापडायचा राहिला होता.

असल्या गोष्टी वाचून मुली अंधश्रद्ध होतील, असं काळजीनं म्हणणारे लोक माझ्या ओळखीत आहेत आणि त्यांची काळजी मला खोटी वाटत नाही. ज्या राज्यात २०१३ साली नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतरच जादूटोणाविरोधी कायदा आला, तिथे भुताची गोष्ट निव्वळ करमणूक म्हणून वाचता येत नाही. नागपुरात तर अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम श्याम मानवांमुळे घराघरात माहीत आहे. मी स्वतः भूत मानत नाही. तरीही भाचीच्या हातातली पुस्तकं काढून घ्यावीत असं मला वाटत नाही, आणि याचं कारण मला भानामतीनं दिलं.

विदर्भ-मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला भानामती समजावून सांगावी लागत नाही. घरावर दगड पडतात. दोरीवर वाळत घातलेले कपडे पेट घेतात. शिजलेल्या अन्नात घाण निघते. कुणाच्या अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की भाजल्यासारखे फोड येतात, तेव्हा त्या फुल्या वेदनेनिशी खऱ्या असतात. गावाला वाटतं कुणीतरी करणी केली. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते अशा घरी जातात तेव्हा त्यांचा अनुभव असा की हे सगळं त्या घरातलंच कुणीतरी करत असतं, आणि पुष्कळदा ते माणूस घरातलं सगळ्यात कोंडलेलं असतं. नको असलेलं लग्न ठरलेली मुलगी. शाळा सोडायला लावलेली मुलगी. सासरी जीव रमत नसलेली सून. कार्यकर्ते घरातल्या एकेकाला बाजूला घेऊन बोलतात, शांतपणे, बराच वेळ. कोण करत होतं ते कळलं तरी त्याचं नाव गावात फोडत नाहीत. दगड थांबतात.

मला या कामाची ही पद्धत फार मोठी वाटते. भुतावर काडीचाही विश्वास न ठेवता त्या मुलीवर पूर्ण विश्वास ठेवता येतो, हे ती करून दाखवते. तिला काहीतरी होतं आहे हे खरं. ते सांगायला तिच्याकडे दुसरी भाषा नाही, म्हणून घर बोलतं आहे.

नेमकी उलटी गोष्ट अमेरिकेत घडली होती. १८४८ च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल नावाच्या खेड्यात फॉक्स कुटुंबाच्या घरी रात्री ठोके ऐकू येऊ लागले. घरात दोन बहिणी होत्या, मॅगी चौदा वर्षांची आणि केट अकराची. केटनं टिचकी वाजवली की उत्तरादाखल तितकेच ठोके येत. आई घाबरली, शेजारी जमले. प्रश्न विचारता विचारता तळघरात पुरलेल्या एका फेरीवाल्याची कहाणी तयार झाली. लिआ नावाच्या मोठ्या बहिणीनं दोघींचे जाहीर प्रयोग सुरू केले आणि मृतात्म्यांशी बोलण्याचा एक अख्खा पंथ अमेरिकेत, मग इंग्लंडात उभा राहिला. चाळीस वर्षांनी, १८८८ साली, मॅगीनं न्यूयॉर्कच्या एका भरलेल्या नाट्यगृहात पायातला बूट काढला आणि पायाच्या बोटांचे सांधे मोडून ते ठोके कसे येत ते सगळ्यांसमोर दाखवलं. पुढच्या वर्षी तिनं तो कबुलीजबाब मागेही घेतला. दोघी बहिणी दारिद्र्यात आणि दारूत संपल्या. केट १८९२ मध्ये गेली, मॅगी १८९३ मध्ये.

या हकिगतीत लबाडी पाहणारे पुष्कळ आहेत. मला त्यात त्या पहिल्या रात्रीचं घर दिसतं. शेकडो माणसं आली, सगळ्यांनी भिंतींना प्रश्न विचारले. जन्म कधीचा, खून कुणी केला, पुरलं कुठे. ज्या दोन पोरींच्या पलंगाजवळ ठोके ऐकू यायचे त्यांना बाजूला घेऊन, तुमचं काय चाललं आहे, असं कुणी विचारलं असतं तर? भुतावर सगळ्यांनी विश्वास ठेवला. मुलींचं ऐकायचं राहून गेलं.

भाचीच्या पुस्तकांतली बरी पुस्तकं ही चूक करत नाहीत. त्यांतल्या बहिणी भूत हाकलायला मांत्रिक बोलावत नाहीत. त्या जुनी वर्तमानपत्रं चाळतात, भिंतीच्या कागदामागचं लिहिणं वाचतात, शेजारच्या म्हातारीकडे चौकशी करतात, आणि शेवटी कळतं की या घरात कुणातरी मुलीचं म्हणणं दाबून टाकलं होतं. घर इतकी वर्षं तेवढं एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होतं. वाईट पुस्तकंही आहेत, हे सांगायला हवं. काहींत भूत म्हणजे निव्वळ देखणा मुलगा असतो आणि मधेच बहिणीचा पत्ताच नसतो. ती मी अर्ध्यावर ठेवते.

या सगळ्या मुलींची पणजी शोभेल अशी एक जोडी शर्ली जॅक्सनच्या १९६२ च्या कादंबरीत आहे. अठरा वर्षांची मेरीकॅट आणि तिची थोरली बहीण कॉन्स्टन्स एका मोठ्या घरात राहतात, गाव त्यांचा द्वेष करतं, आणि शेवटी गावकरी त्या घराची नासधूस करतात. बहिणी मोडक्या घरात स्वतःला बंद करून घेतात. मग तेच गावकरी, मनाला लागल्यामुळे, त्यांच्या दाराशी खाण्याच्या टोपल्या आणून ठेवू लागतात. त्यात एकही भूत नाही. जिवंतपणीच त्या दोघी गावाचं भूत होतात आणि दाराशी नैवेद्य येऊ लागतो. ते पान वाचताना मला महालातल्या बोळी आठवल्या, कारण ही चाल आपल्याला अगदी ओळखीची आहे: आधी बाईला घराबाहेर काढायचं, मग तिला हात जोडायचे.

आपल्याकडे ही गोष्ट पुराणात आहे. समुद्रमंथनातून लक्ष्मीच्या आधी ज्येष्ठा निघाली, म्हणून ती थोरली. तीच अलक्ष्मी. थोरलीचं लग्न झाल्याशिवाय धाकटीचं कसं करणार, म्हणून तिला एका ऋषीच्या गळ्यात बांधलं. पद्मपुराणातल्या कार्तिकमाहात्म्यात तो ऋषी उद्दालक. तो तिला पिंपळाखाली बसवून राहायची जागा शोधतो म्हणून जातो आणि परत येत नाही. ज्येष्ठा रडते. ते रडणं वैकुंठात धाकटीला ऐकू येतं. लक्ष्मी विष्णूला घेऊन येते आणि दर शनिवारी बहिणीला भेटायला येण्याचं ठरतं. शनिवारी पिंपळाला हात लावावा, एरवी नाही, यामागची कथा ही. लहानपणी ही कथा मला "अलक्ष्मी घरात शिरू नये म्हणून भांडू नका" एवढीच सांगितली गेली होती. धाकटीला थोरलीचं रडणं ऐकू आलं, हा भाग कुणी सांगितला नव्हता. मला तर सगळ्या कथेत तेवढाच भाग महत्त्वाचा वाटतो.

आणि भाद्रपदात आपण काय करतो? विदर्भात घरोघर महालक्ष्म्या बसतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. ताट-चमचा वाजवत, कुंकवाच्या पावलांवरून त्यांना उंबऱ्याच्या आत आणतात आणि साऱ्या घरातून फिरवतात: हे स्वयंपाकघर, हे देवघर, ही कोठी. ज्येष्ठेला वर्षभर दाराबाहेर ठेवणारं घर या तीन दिवसांत तिच्यापुढे सोळा भाज्या, पुरणपोळी आणि आंबील वाढतं. आमच्या घरी त्यांना खालच्या सगळ्या खोल्या दाखवत. एका वर्षी ताईनं मुखवटा हातात धरलेल्या आजीला विचारलं, "आजी, माडी नाही दाखवत का यांना?" आजी थांबली. मग म्हणाली, "जिना अवघड आहे, माय." आणि पुढे निघाली.

मराठीत भयकथा कमी नाहीत. नारायण धारप मी शाळेपासून वाचत आले आणि अजूनही त्यांच्याइतकं अंधाराचं वजन मला इतरत्र क्वचितच जाणवतं. पण तिथे संकटात सापडलेल्या घराला सोडवायला धारपांचे नायक, समर्थ, येतात. मुलगी झपाटली जाते, ती शोध घेत नाही. लोककथेतली भुतंसुद्धा अशीच: बाळंतपणात गेली ती हडळ, सवाष्ण गेली ती जखीण. मरणाच्या वेळी तिचं लग्नाशी काय नातं होतं यावर तिचं भूतपण ठरतं. मुंज होऊन लग्नाआधी गेलेल्या मुलाला मुंजा म्हणून पिंपळावर हक्काची जागा मिळते. आमच्या माडीवरच्या आत्यासाठी मात्र लोककथेतदेखील शब्द नव्हता.

तिच्या सगळ्यात जवळ जाणारी व्यक्ती मला महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त भेटली. हे नाटक १९८५ साली विजया मेहतांनी रंगमंचावर आणलं. विदर्भातल्या धरणगावकर देशपांड्यांचा वाडा, अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर, सतत किती वाजले विचारणारी दादी, आणि शिकायची इच्छा असून घरातच अडकून राहिलेली प्रभा. कुठेही भूत नाही. पण प्रभा त्या वाड्यातून फिरते तेव्हा वाडा तिला आणि ती वाड्याला झपाटून असते. भाचीला मी ते वाचायला दिलं. तिनं वाचून विचारलं, "मावशी, वाडा विकला तर प्रभाला किती मिळणार?"

इंग्रजी पुस्तकांत हा प्रश्न येत नाही, कारण तिथे घर पुष्कळदा बायकांकडूनच मुलींकडे येतं: आत्याचं घर, आजीचं घर, मृत्युपत्रात लिहून दिलेलं. इथे घर आणि बहिणी यांच्यामध्ये एक कागद असतो, त्याचं नाव हक्कसोडपत्र. वडील गेले की भाऊ तो कागद पुढे करतात. कायदा कधीचाच बदलला आहे. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं २००५ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला. वडील २००५ च्या आधी वारले असले तरी तो हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. तरी बहिणी सही करतात. माहेर तुटू नये म्हणून. दिवाळीला यायला दार उघडं राहावं म्हणून. माझ्या दोन्ही आत्यांनी सही केली तेव्हा मी शाळेत होते. दोघी नव्या साड्या नेसून आल्या होत्या. कागदाचं काम झाल्यावर आईनं त्यांची ओटी भरली आणि मोठी आत्या एकटीच जिना चढून माडीवर गेली. बऱ्याच वेळानं खाली आली. तिच्या हातात ती पत्र्याची पेटी होती. कुणी काही विचारलं नाही.

त्या पेटीत काय होतं ते ताईनं पुढे तिच्याकडून काढून घेतलं: मोडी अक्षरांच्या सरावाची एक वही आणि तिच्या शेवटच्या पानांवर बाळबोधीत पुन्हा पुन्हा लिहिलेलं स्वतःचं पूर्ण नाव. माहेरचं आडनाव लावून. आम्हाला ते नाव आता माहीत आहे, आणि आम्ही दोघी घरात ते मोठ्यानं घेतो.

वाडा राहिला नाही. तिथे आता चार मजली इमारत आहे, खाली कापडाचं दुकान. महालातल्या, इतवारीतल्या कितीतरी घरांचं हेच झालं. झपाटायला वाडेच उरले नाहीत तर मराठीत अशी कादंबरी लिहायची कशी, असं भाचीला विचारलं, तर ती म्हणाली की फ्लॅटमध्येही बहिणींना एकच खोली मिळते. तिनं लिहायला घेतली आहे. मराठीत, नागपुरी बोलीत. मानेवाड्याकडच्या एका नव्या इमारतीत दोन बहिणी राहायला येतात. मे महिना, वीज जाते, कुलर थांबतो. थोरलीनं काय विचारायचं हे तिला सांगावं लागलं नाही, तिच्या आईकडून तिनं ते शंभरदा ऐकलं आहे.

अडलं होतं ते भुताच्या मागणीपाशी. सूड नको, असं तिचं म्हणणं. सूडाच्या गोष्टी तिला स्वस्त वाटतात. ताई कांदा चिरता चिरता म्हणाली, "तिला आखीव पत्रिकेवर नाव पाहिजे." आखीव पत्रिका म्हणजे जागा कुणाच्या नावावर आहे याची सरकारी नोंद, हे भाचीला माहीत नव्हतं. गेल्या आठवड्यात ताई तिला भूमापन कार्यालयात घेऊन गेली, जुन्या वाड्याची पत्रिका काढायला. फेरफारांच्या रकान्यात पणजोबा, आजोबा, मग वडील आणि काका, आणि आत्यांची नावं लागून लगेच कमी झालेली नोंद. भाचीनं तो कागद तसाच्या तसा कादंबरीत उतरवला आहे. आता तिचा वाद ताईशी चालला आहे: शेवटच्या प्रकरणात धाकट्या बहिणीपुढे हक्कसोडपत्र येतं तेव्हा तिनं सही करायची की नाही. ताई म्हणते, करायची नाही, त्यात विचारायचं काय. भाची म्हणते, इतकं सोपं असतं तर दोन्ही आत्याआजींनी केली नसती. ते प्रकरण ती पुन्हा लिहिते आहे.